प्रज्ञावान मूल, अध्ययन अक्षमता आणि मूल्यमापनाची वाट

‘हुशार आहे, पण आळशी. अक्षर सुधारावे.’ प्रगतिपुस्तकातील असा शेरा देशातील कोणत्याही शाळेत, कोणत्याही माध्यमात वर्षानुवर्षे लिहिला गेला आहे. शेरा लिहिणाऱ्या शिक्षकाने त्यात नकळत दोन अचूक निरीक्षणे नोंदविलेली असतात. मुलाची समज त्याच्या वयाच्या पुढे आहे, हे पहिले. ती समज कागदावर उतरत नाही, हे दुसरे. या दोहोंमधील विसंगतीचे कारण मात्र ‘आळस’ या एका शब्दात उरकले जाते. वस्तुतः ही विसंगती हेच तपासणीला पाठविण्याचे सर्वांत सबळ कारण असते.

उदाहरणादाखल चौथीच्या वर्गातील एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. चंद्राच्या कला कशा होतात हे ती लिंबू आणि विजेरी घेऊन वर्गाला समजावून सांगते. दुकानातील उधारीचा हिशेब वडिलांच्या आधी तोंडी करून मोकळी होते. परंतु फळ्यावरच्या पाच ओळी वहीत उतरविण्यास तिला पूर्ण तासिका लागते. ‘प्र’ आणि ‘र्प’ यांची अदलाबदल होते, वेलांटी कधी अलीकडे तर कधी पलीकडे जाते, आणि उताऱ्यातील अनोळखी शब्द ती न वाचता संदर्भावरून ओळखते. हा अंदाज बहुधा बरोबर येत असल्याने तिला वाचता येते असाच सर्वांचा समज होतो. वार्षिक परीक्षेत तिला पंचावन्न टक्के गुण मिळतात. त्यामुळे मागे पडलेल्या मुलांच्या यादीत तिचे नाव येत नाही आणि शिष्यवृत्ती परीक्षेला बसविण्याच्या यादीतही येत नाही.

शैक्षणिक मानसशास्त्रात अशा मुलांना दुहेरी अर्थाने विशेष मानले जाते. प्रज्ञेमुळेही विशेष आणि अडचणीमुळेही विशेष. त्यांचे तीन प्रकार आढळतात. काहींची प्रज्ञा दिसते, अडचण दडून राहते. अशा मुलांवर ‘मनावर घेत नाही’ असा आरोप होतो. काहींची अडचण दिसते, प्रज्ञा दडते. त्यांना उपचारात्मक वर्गात मुळाक्षरे गिरवायला बसविले जाते. तिसऱ्या प्रकारात दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकतात आणि मूल ‘मध्यम’ ठरते. या तिसऱ्या प्रकाराचा शोध सर्वांत कठीण असतो, कारण मध्यम विद्यार्थ्याची चौकशी करण्याची गरज कोणत्याही व्यवस्थेला भासत नाही.

अशी मुले किती असावीत? २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाच्या वर्गीकरणात अध्ययन अक्षमतेचा स्वतंत्र रकाना नव्हता, म्हणून त्या जनगणनेतून उत्तर मिळत नाही. अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या २०१३ च्या निदानसंहितेत शालेय वयातील मुलांमध्ये वाचन, लेखन व गणित या क्षेत्रांतील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाण ५ ते १५ टक्के दिले आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या माहितीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील शाळांत सुमारे २४.८ कोटी विद्यार्थी होते. खालचा ५ टक्क्यांचा आकडा धरला तरी संख्या सव्वा कोटीच्या घरात जाते. बुद्ध्यंक १३० वा त्याहून अधिक असणारी मुले सर्वसाधारण वितरणानुसार शेकडा दोन असतात. सव्वा कोटीतील शेकडा दोन म्हणजे सुमारे अडीच लाख. हे सर्वेक्षण नव्हे, केवळ अंकगणित आहे. तथापि प्रश्नाचा आवाका लक्षात येण्यास ते पुरेसे आहे.

कायद्याचा आधार

अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. महाराष्ट्राने मात्र कायद्याची वाट न पाहता १९९६ पासूनच अशा विद्यार्थ्यांना शालेय व मंडळाच्या परीक्षांत सवलती देण्यास सुरुवात केली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखनिकाची मदत, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित व भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित असे त्यांचे स्वरूप होते. २००७ साली ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द शहरी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला. त्या चित्रपटातील मुलगा चित्रकलेत असामान्य आहे आणि वाचनात अडखळतो, म्हणजेच तो नेमका या लेखाच्या विषयातला मुलगा आहे. प्रेक्षकांच्या लक्षात मात्र त्याची अडचण अधिक राहिली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेची व्याख्या प्रथमच केंद्रीय कायद्यात आली. बोली वा लिखित भाषेच्या आकलन-प्रक्रियेतील उणीव आणि त्यातून उद्भवणारी वाचन, लेखन, वर्णलेखन वा गणन यांतील अडचण, असा तिचा गाभा आहे. या व्याख्येत बुद्धिमत्तेला वरची मर्यादा घातलेली नाही. अतिशय तल्लख मुलालाही ही व्याख्या लागू होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कारण ‘एवढा हुशार मुलगा अपंग कसा असेल?’ हा प्रश्न शिक्षकांप्रमाणेच काही वेळा अधिकारीही विचारतात.

याच अधिनियमाच्या कलम १६ ने शैक्षणिक संस्थांवर एक कर्तव्य सोपविले आहे. मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर शोधणे आणि ती दूर करण्यासाठी योग्य अध्यापनशास्त्रीय उपाय योजणे हे ते कर्तव्य होय. याचा अर्थ शोध घेण्याची पहिली जबाबदारी पालकांची नसून शाळेची आहे. व्यवहारात क्रम नेमका उलटा दिसतो. बहुतेक प्रकरणी पालकच शंका व्यक्त करतात आणि शाळा त्यांना धीर देऊन परत पाठविते.

तपासणीच्या पायऱ्या

केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी या तपासणीचा राष्ट्रीय आराखडा प्रथमच आखून दिला. तिसरीत वा वयाच्या आठव्या वर्षी वर्गशिक्षकांनी ठरावीक प्रश्नावलीच्या आधारे चाळणी करायची. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील शालेय समितीने संशयित मुलांना पुढे पाठवायचे. बालरोगतज्ज्ञ दृष्टी, श्रवण व मज्जासंस्था तपासून अन्य कारणे वगळतात. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक मोजतात. तो ८५ पेक्षा अधिक असल्यास बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने विकसित केलेल्या चाचणीसंचाने वाचन, लेखन, गणन इत्यादी कौशल्यांची परीक्षा होते. आठ वर्षांनंतर पहिले प्रमाणपत्र, चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आजीवन, अशी त्या तत्त्वांची रचना होती. मार्च २०२४ मध्ये केंद्राने दिव्यांगत्वाच्या मूल्यांकनाची तत्त्वे सुधारून पुन्हा अधिसूचित केली.

ही साखळी कागदावर निर्दोष वाटते. प्रज्ञावान मूल तिच्यातून कसे गळते, हे पाहण्यासाठी प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तपासावा लागेल.

पहिला दुवा शिक्षकाच्या प्रश्नावलीचा. ‘अक्षरे उलटी लिहितो का’, ‘ओळ सोडून वाचतो का’ अशा प्रकारच्या प्रश्नांना तल्लख मुलाचा शिक्षक पुष्कळदा ‘कधी कधी’ असे उत्तर देतो. हे मूल स्मरणशक्तीच्या बळावर धडा पाठ करते, शेजाऱ्याने मोठ्याने वाचलेले ऐकून उत्तर देते, लिहायचे टाळण्यासाठी विनोद करते किंवा पाणी पिण्यास बाहेर जाते. अडचणीवर मात करण्याच्या या युक्त्या बुद्धिमत्तेच्याच द्योतक होत. पण चाळणीच्या दृष्टीने त्या अडथळा ठरतात. अभ्यासक्रम हलका असेतो त्या पुरतात. पाचवी ते आठवीच्या दरम्यान वाचनाचा भार वाढतो, उत्तरे दीर्घ होतात, आणि आतापर्यंत तग धरलेले मूल अचानक कोसळते. मग कौटुंबिक कलह, मोबाइलचे वेड, वाईट संगत अशी नाना कारणे शोधली जातात.

दुसरा दुवा मागासलेपणाच्या निकषाचा. आपल्याकडील तपासणीत सर्वसाधारणपणे मूल आपल्या इयत्तेपेक्षा दोन इयत्ता मागे असेल तर अक्षमता मानण्याचा प्रघात आहे. वर वर्णिलेली चौथीतील मुलगी तिसरीच्या पातळीवर वाचते. ती एकच इयत्ता मागे आहे, म्हणून ती निकषात बसत नाही. परंतु तिची तर्कशक्ती सातवी-आठवीच्या पातळीवर असेल, तर तिच्या स्वतःच्या क्षमतेच्या तुलनेत ती चार इयत्ता मागे आहे. तुलना कोणाशी करायची, सरासरी मुलाशी की त्या मुलाच्याच क्षमतेशी, हा येथील मूलभूत प्रश्न आहे.

अमेरिकेत या प्रश्नावर दीर्घ वाद झाला. तेथे पूर्वी बुद्ध्यंक आणि शैक्षणिक संपादन यांतील मोठी तफावत हाच निकष होता. ही तफावत दिसण्यासाठी मूल पुरेसे नापास व्हावे लागते, या टीकेमुळे २००४ च्या कायदादुरुस्तीने राज्यांना तफावतीचा आग्रह धरण्यास मनाई केली आणि वर्गातील विशेष अध्यापनाला मूल कसा प्रतिसाद देते हे पाहण्याची मुभा दिली. दुर्बल मुलांना याचा लाभ झाला. प्रज्ञावान मुलांच्या अभ्यासकांनी मात्र धोक्याचा इशारा दिला. तल्लख मूल थोड्याशा मदतीने वर्गाच्या सरासरीला पोहोचते आणि ‘प्रतिसाद उत्तम’ म्हणून त्याची तपासणीच थांबते, असे त्यांचे म्हणणे होते. एका गटाला न्याय देणारा निकष दुसऱ्या गटावर अन्याय करू शकतो, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना लाभार्थी-निवडीच्या योजनांवरून चांगले परिचित आहे. पात्र व्यक्तीस वगळण्याची चूक आणि अपात्र व्यक्तीस सामावण्याची चूक, यांपैकी एक कमी केली की दुसरी वाढते. आपल्या व्यवस्थेने खोट्या प्रमाणपत्रांच्या भीतीपोटी दुसरी चूक टाळण्याकडे अधिक लक्ष पुरविले आहे.

सरासरीची झाकण

तिसरा दुवा बुद्धिमापनाचा. आणि सर्वाधिक माहिती येथेच मिळते व येथेच हरवते. भारतात दीर्घकाळ वापरात असलेली मुलांची बुद्धिमापन चाचणी आर्थर मॅलिन यांनी नागपूर येथे तयार केली. वेक्सलर यांच्या चाचणीचे ते भारतीय रूपांतर असून ‘मिसिक’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. तिचे शाब्दिक आणि कृती असे दोन विभाग आहेत. शब्दसंग्रह, साम्यभेद, सामान्य आकलन, अंकस्मरण या उपचाचण्या पहिल्यात, तर ठोकळ्यांची रचना, अपूर्ण चित्र, वस्तुजुळणी, संकेतलेखन या दुसऱ्यात येतात. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असे मापन असते.

समजा, त्या मुलीचे साम्यभेद आणि ठोकळ्यांची रचना यांतील गुण १३० च्या पातळीवर आले. परंतु अंकस्मरण आणि संकेतलेखन, म्हणजे ज्यांत अल्पकालीन स्मृती आणि हाताचा वेग लागतो, त्यांत ते ८० च्या आसपास राहिले. सर्वांची सरासरी १०५ ते ११० च्या दरम्यान येईल. अहवालाच्या अखेरीस ‘बुद्ध्यंक सामान्य’ असे लिहिले जाईल. हा निष्कर्ष गणिताच्या दृष्टीने बरोबर आणि अर्थाच्या दृष्टीने दिशाभूल करणारा आहे. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे म्हणून ती पायी ओलांडता येईलच असे नाही. एकूण बुद्ध्यंकाऐवजी उपचाचण्यांचा आलेख पाहिला तर शिखरे आणि दऱ्या दोन्ही दिसतात. किंबहुना एवढे चढउतार हाच तपासणीचा मुख्य निष्कर्ष मानावयास हवा.

येथे प्रक्रियेचा एक दोष विशेष लक्षणीय आहे. बुद्ध्यंकाची चाचणी या साखळीत केवळ खालचे दार राखण्यासाठी ठेवलेली आहे. मूल ८५ च्या वर आहे का, एवढेच विचारले जाते. ते ९० वर आहे की १३५ वर, याचे उत्तर त्याच चाचणीतून मिळत असूनही प्रमाणपत्रात त्याला स्थान नसते. शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञाचे काही तास खर्च होतात, मुलाची पूर्ण पाहणी होते, सार्वजनिक पैशातून मौल्यवान माहिती निर्माण होते. आणि तिचा अर्धा भाग फायलीत बंद होतो. शाळेपर्यंत पोहोचते ती केवळ उणिवेची नोंद. संसाधनांच्या अपव्ययाची यापेक्षा शांत जागा शोधून सापडणार नाही.

लिपीचा आणि माध्यमाचा प्रश्न

अध्ययन अक्षमता ही इंग्रजी माध्यमाची, महानगरी पालकांची व्याधी आहे, असा एक समज रूढ झाला होता आणि तो अद्याप पुरता गेलेला नाही. तपासणी केंद्रे महानगरांत होती, चाचण्या इंग्रजीत होत्या. साहजिकच निदान झालेली मुले तेथीलच होती. जेथे दिवा, तेथेच हरवलेली वस्तू शोधण्याचा हा प्रकार झाला.

देवनागरीची प्रकृती इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. अक्षर आणि उच्चार यांचा संबंध बराचसा सरळ असल्याने अक्षमता असलेले मूलही सरावाने शब्द बरोबर वाचू लागते. मात्र ते संथ वाचते. म्हणून मराठी वा हिंदी माध्यमात केवळ चुका मोजल्यास अडचण सापडत नाही, वेग मोजावा लागतो. लेखनात तिचे रूप निराळे असते. ‘कि’ मधील वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लेखनात आधी. रफार उच्चारात आधी येतो आणि डोक्यावर बसतो तो पुढच्या अक्षराच्या. र्‍हस्व-दीर्घाचा भेद कानाला क्षीण ऐकू येतो. जोडाक्षरांत दोन आकृत्यांचा एक नवाच आकार होतो. इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘डी’ यांची अदलाबदल शोधणारी प्रश्नावली यांपैकी काहीच टिपू शकत नाही.

या दृष्टीने मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित करून २०१५ मध्ये खुला केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच महत्त्वाचा ठरतो. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत शिक्षकांसाठी चाळणीची साधने आणि मानसशास्त्रज्ञांसाठी मूल्यमापनाची साधने त्यात आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे शिक्षकांसाठीचे चाळणीचे ॲप उपलब्ध करून दिले. ते २०१६ च्या कायद्यातील सर्व प्रकारांचा विचार करते. मातृभाषा एक, शाळेचे माध्यम दुसरे आणि परिसराची भाषा तिसरी अशी स्थिती असलेल्या मुलांचा प्रश्न मात्र यानेही पूर्णतः सुटत नाही. सुरतच्या वा बेळगावच्या शाळेत शिकणारे मराठी घरातील मूल मागे पडले, तर ते भाषेच्या अपरिचयामुळे की अक्षमतेमुळे, हे ठरविण्यासाठी दोन्ही भाषांत तपासणी व्हावी लागते. अक्षमता असेल तर ती दोन्हींत दिसते. स्थलांतरित मजुरांच्या मुलांबाबत एवढी खोलात जाऊन चौकशी अपवादानेच होते. त्यांच्यातील प्रज्ञेची चौकशी तर त्याहूनही विरळ.

सवलत म्हणजे शिक्षण नव्हे

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ अशा विद्यार्थ्यांना तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी एक तास जादा देते. सामान्य विद्यार्थ्यांच्या पालकांना यात पक्षपात दिसतो. अमर्त्य सेन यांच्या विवेचनाच्या परिभाषेत सांगायचे तर समान साधन सर्वांच्या हाती समान क्षमतेत रूपांतरित होत नाही; तीन तासांचे रूपांतर गुणांत करण्याचा या मुलांचा दर कमी असतो आणि जादा तास ती भरपाई करतो. त्यामुळे सवलतींच्या न्याय्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आक्षेप वेगळा आहे. सवलत भार कमी करते. बळ वाढवीत नाही. मंडळाच्या परीक्षेच्या तोंडावर, नववी-दहावीत प्रमाणपत्रासाठी होणारी धावपळ हे दाखविते की, मूल्यमापनाकडे शिक्षणाचे साधन म्हणून नव्हे, तर परीक्षेचा परवाना म्हणून पाहिले जाते. तोवर उपचारात्मक अध्यापनाची सर्वांत फलदायी वर्षे निघून गेलेली असतात. प्रज्ञावान मुलाच्या बाबतीत चुकीची सवलत अपायही करू शकते. लिहिण्याची अडचण असलेल्या, परंतु अवकाशीय कल्पनाशक्ती तीव्र असलेल्या मुलाला भूमिती सोडण्याचा सल्ला दिला जातो, कारण नियमात ती सोय आहे. गुण वाढतात, अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राची दारे पंधराव्या वर्षी बंद होतात. आकृत्या संगणकावर काढू देणे वा सिद्धता तोंडी ऐकणे हा अधिक योग्य मार्ग होता, हे सुचविण्यासाठी त्याच्या उपचाचण्यांचा आलेख कोणीतरी वाचलेला असावा लागतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, प्रज्ञाशोधाची आपली साधनेही लेखी आणि वेळेला बांधलेली आहेत. १९६३ पासून २०२१ पर्यंत चाललेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना, नवोदय विद्यालयांची प्रवेशपरीक्षा, राज्यांच्या शिष्यवृत्ती परीक्षा या सर्वांनी असंख्य गुणी मुले वर आणली, यात संशय नाही. परंतु वेगाने वाचू न शकणारे गुणी मूल त्यांच्या जाळ्यात सापडणे अवघड. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञेच्या विकसनाचा विचार मराठी समाजात रुजविला. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने भारतीय परिस्थितीत शिक्षकांच्या निरीक्षणावरून प्रज्ञावान मुले ओळखण्याचे काम केले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रज्ञा असलेल्या विद्यार्थ्यांना साहाय्य आणि अध्ययन अक्षमतेची लवकर ओळख या दोन्ही तरतुदी आहेत. पण वेगवेगळ्या प्रकरणांत. एकाच मुलाला दोन्ही लागू शकतात, याचा विचार प्रशासनाने अजून करावयाचा आहे.

खर्चाचा हिशेब

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे. ओळख व मूल्यमापन शिबिरे, साहित्य, साहाय्यक उपकरणे हे सर्व त्यातून साधायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणी प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. हे प्रमाण गाठण्यासाठी पदे निर्माण करावी लागतील, आणि तेथे राज्यांची आर्थिक अडचण खरी आहे.

कुटुंबाच्या बाजूचा खर्च सरकारी ताळेबंदात दिसत नाही. मुंबईतील एका अभ्यासगटाने २०१९ मध्ये अध्ययन अक्षमतेचा थेट, अप्रत्यक्ष आणि अमूर्त असा तिन्ही प्रकारचा आर्थिक भार मोजण्याचा प्रयत्न केला. भारतात या प्रश्नाकडे अशा दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी ही तपासणी होते. गडचिरोली वा नंदुरबारच्या पालकांना मात्र बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्या वेगवेगळ्या दिवशीच्या भेटी म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी, प्रवास आणि मुक्काम. खासगी तपासणी शहरात तातडीने मिळते. परंतु सवलतींसाठी शासकीय शिक्का लागतोच. याचा परिणाम असा की, निदान ही गरजेप्रमाणे नव्हे तर ऐपतीप्रमाणे वाटली जाणारी वस्तू बनते.

२००० सालचे नोबेल मानकरी जेम्स हेकमन यांनी लहान वयातील गुंतवणुकीचा परतावा अधिक असतो, हे वंचित मुलांसाठीच्या कार्यक्रमांच्या आधारे मांडले. तोच युक्तिवाद येथे अधिक ठामपणे लागू होतो. दुसरीतील मुलाला दिलेले आठवड्याचे तीन तास विशेष अध्यापन आणि नववीतील तेवढेच तास यांचा खर्च सारखा, फळ असमान. प्रज्ञावान मुलाची समज आधीच तयार असल्याने वाचन-लेखनाचा अडसर दूर होताच मिळणारा लाभ मोठा असतो. हा अधिकचा लाभ मिळतो म्हणून त्यांना इतरांच्या आधी रांगेत घ्यावे, असा अर्थ मात्र यातून काढू नये. दिव्यांगत्वाच्या सेवेत गुणवत्तायादी आणणे घातक ठरेल.

मोठा खर्च न करता तीन गोष्टी होऊ शकतात. प्रमाणपत्रासोबत शाळेला देण्याच्या अहवालात उपचाचण्यांचा आलेख आणि मुलाच्या बलस्थानांची नोंद सक्तीची करावी. चाळणीच्या प्रश्नावलीत ‘तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांत मोठा फरक आढळतो का’ हा एक प्रश्न घालावा. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके शाळांत जातातच. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात अध्ययनातील अडचणींचा समावेश असल्याने जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात महिन्यातून ठरावीक दिवशी तिन्ही तज्ज्ञ एकत्र बसल्यास पालकांच्या खेपा वाचतील.

पालकांच्या हाती काय आहे

शाळेकडे तोंडी विनंती न करता मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात २०१६ च्या अधिनियमातील कलम १६ चा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. अर्जासोबत पुरावा द्यावा. दोन-तीन वर्षांच्या वह्यांची पाने, मुलाने तोंडी सांगितलेली आणि त्यानेच लिहिलेली अशी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे, गृहपाठाला लागलेल्या वेळेची पंधरा दिवसांची नोंद. मुलाने घरी केलेली यंत्रे, चित्रे, रचलेल्या गोष्टी हेही तज्ज्ञांना दाखवावे. त्यातून दुसरी बाजू दिसते. चष्म्याचा नंबर आणि श्रवण आधी तपासून घ्यावे, म्हणजे एक खेप वाचते. तपासणी शिक्षणाच्या माध्यमात व्हावी, असा आग्रह धरावा. अहवाल हाती आल्यावर केवळ शेवटचा बुद्ध्यंक न वाचता प्रत्येक उपचाचणीचे गुण मागावेत. प्रमाणपत्र नाकारले गेले तरी अहवालाचे मोल संपत नाही. वर्गात पुढच्या बाकावर बसविणे, फळ्यावरील मजकुराची छापील प्रत देणे, तोंडी परीक्षा घेणे या गोष्टींना प्रमाणपत्र लागत नाही, शिक्षकाची तयारी लागते.

त्या चौथीतील मुलीचे मूल्यमापन आठव्या-नवव्या वर्षी झाले, असे धरू. तिच्या आराखड्यात आठवड्यातून तीन दिवस ध्वनी व अक्षर यांच्या जोडणीचा सराव असेल, विज्ञानाची उत्तरे ध्वनिमुद्रित करून देण्याची मुभा असेल आणि शनिवारी सातवीच्या प्रयोगशाळेत बसण्याची परवानगीही असेल. चौदाव्या वर्षी फेरतपासणीला जाताना तिचे वाचन बहुधा सुधारलेले, पण संथच असेल. त्या दिवशी समोरच्या तज्ज्ञांच्या हाती पहिल्या तपासणीचा पूर्ण आलेख असणे आवश्यक आहे. अन्यथा सुधारणेलाच पुरावा मानून ‘आता अडचण उरली नाही’ असा निर्णय होण्याचा आणि दहावीच्या परीक्षेआधी जादा वेळ काढून घेतला जाण्याचा संभव राहतो.